बारा टेबलं, बारा कवट्या

व्हेल्मा ट्रिगला कुणी विचारलं की एवढं सुंदर कसं जमतं बाई, तर ती म्हणते, "विकत काही आणायचं नाही. रस्त्याच्या कडेला वाकायचं." वाकून वाकून तिची कंबर गेली, ते मात्र कुणी विचारत नाही.

आमचं वारिंगा गव्हाचं गाव. आमच्याकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, आणि त्या दुपारी गावच्या हॉलमध्ये जेवण असतं. ज्यांचं कुणी नाही ते येतात, आणि ज्यांना स्वयंपाकाचा कंटाळा ते तर त्यांच्याही आधी येतात. सव्वीस वर्षांपूर्वी टेबलांच्या मधोमध ठेवायला व्हेल्माने पहिल्यांदा सजावट केली. जॅमच्या रिकाम्या बरण्या, सोनेरी रंगवलेली निलगिरीची बोंडं, कापणीनंतर कुंपणाशी राहिलेल्या ओंब्या, खाली जुन्या पडद्याची लेस. खर्च जवळजवळ शून्य आणि थाट राजेशाही! झालं, तेव्हापासून ते काम तिच्या गळ्यात पडलं. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा तिनेच केलं. आम्ही म्हणालो, तेवढंच मन रमेल तिचं. काय साळसूद होतो आम्ही!

तिची बहीण आयरिस समुद्रापलीकडे, तस्मानियात. दर वर्षी तिचा फोन, "या नाताळला ये गं." आणि दर वर्षी हिचं एकच, "टेबलं कोण करणार?" गेल्या वर्षी आयरिसच्या फुप्फुसात काहीतरी निघालं. डॉक्टर म्हणाले, फार तर आणखी एक-दोन नाताळ.

"ग्लेनिस," नोव्हेंबरात माझ्या व्हरांड्यात बसून व्हेल्मा म्हणाली, "यंदाचं कबूल करून बसलेय. पण पुढच्या नाताळला मी आयरिसकडे जाणार. हॉलच्या समितीला सरळ सांगायला गेलं की आपली अध्यक्षबाई लॉरेल रडते. मागे रडली तेव्हा मीच तिला चहा करून दिला, आणि मीच पुन्हा हो म्हटलं."

"मग करणार काय?"

"यंदा इतकं भयाण करते, की त्यांनीच म्हणावं, म्हातारीचा हात गेला, आता दुसरी बघा."

हसता हसता मी चहा सांडला.

आणि केलं की हो तिने! गंजकी काटेरी तार, वाळकं काटेरी गवत, आणि प्रत्येक टेबलाच्या मधोमध मेंढीची कवटी. धुऊन वाळवलेली, पण कवटीच. रिबन नाही, मेणबत्ती नाही. बाहेर बेचाळीस अंश, आत पंखे घरघरताहेत, आणि हॅमच्या ताटापलीकडून मेंढी आपल्याकडे बघतेय. व्हेल्मा स्वयंपाकघराच्या दारात हात बांधून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा मी कधी पाहिली नव्हती.

 मग लॉरेलची मेलबर्नहून आलेली सून किंचाळली, "अगं बाई, काय भन्नाट!" तिने धडाधड फोटो काढले. "शहरात असल्या टेबलासाठी लोक रांगा लावतील!" लॉरेलने डोळे पुसले. जन्मभर मेंढ्या पाळलेला हर्ब कवटीवरून हात फिरवत म्हणाला, "पहिल्यांदाच इथे माझ्या ओळखीचं कुणीतरी टेबलावर बसलंय." डोक्यावर नाताळच्या कागदी टोप्या घातलेली सत्तर माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

व्हेल्मा आत जाऊन भांडी घासायला लागली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! "नरकात गेले तरी," ती पुटपुटली, "तिथली टेबलंही मलाच करायला लावतील."

संध्याकाळी आयरिसचा फोन आला. फोटो तिच्यापर्यंत पोचले होते. "सुरेख झालंय," ती धापा टाकत म्हणाली. "आता काही ते तुला सोडत नाहीत."

फेब्रुवारीत समितीची बैठक झाली. लॉरेलने विचारलं, "टेबलं व्हेल्माकडेच ना?"

व्हेल्मा उभी राहिली. "या नाताळला मला बहिणीकडे जायचंय. तिचे दिवस भरत आलेत." एवढंच बोलली आणि खाली बसली.

 मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. नऊ वर्षं मी तिच्या शेजारी बसून बोंडं चिकटवतेय. लॉरेल म्हणाली, "ग्लेनिस, तुला तर सगळं येतं."

येतं. डोळे मिटून येतं. पण एकदा हो म्हटलं की पुढची सव्वीस वर्षं सुटका नाही, हे माझ्याइतकं तिथे कुणाला ठाऊक होतं?

"छे गं," मी म्हणाले, "व्हेल्माच्या हाताची सर मला कुठली!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढा सुटकेचा निःश्वास टाकला सगळ्यांनी! व्हेल्माने माझ्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. "करते मीच."

बैठक संपल्यावर तिने गाडीचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. "चल, घरी सोडते तुला. ऊन फार आहे." आणि मी बसले.