धोतर वर, मोटर बंद

माणसाचा स्वभाव त्याच्या विहिरीवरच्या मोटरीवरून ओळखणारा जगात एकच गृहस्थ होऊन गेला असेल, आणि तो माझ्या आत्याला नवरा म्हणून मिळाला. आतोबा वीज खात्यात होते. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावाची वीज त्यांच्या देखरेखीखाली होती. पण देखरेख हा फार कोरडा शब्द झाला. पंगतीत आपली पोरं पोटभर जेवताहेत ना, हे आई जशी लांबून बघते, तसे आतोबा गावाला वीज वापरताना बघत. लोक बैठकीच्या खोलीत देवांच्या तसबिरी लावतात, यांनी विजेचा दाब दाखवणारा व्होल्टमीटर लावला होता; गावात मोटर सुरू झाली की त्याचा काटा उतरे. पाहुण्यांशी बोलता बोलता ते एकदम हात वर करत. "थांबा! गेनबा आला विहिरीवर." बघावं तर काटा जेमतेम केसभर खाली झुकलेला असे. "आज उशीर केला. घरात भांडण झालेलं दिसतंय." आत्या आतून म्हणे, "मी घरात आहे की माहेरी गेलेय, हे यांना संध्याकाळी कळतं. गेनबाचं मात्र लगेच!"

मी कॉलेजच्या सुट्टीत नगरहून त्यांच्याकडे गेलो, तो दुष्काळाचा उन्हाळा होता. विहिरींनी तळ गाठला होता. रात्रभरात जे काही पाझरून साठे, ते सकाळी उठल्या उठल्या उपसायला सगळा गाव एकदम मोटरी सुरू करी, कारण शेजाऱ्यानं ओढण्याआधी आपण ओढलेलं बरं! मग काटा असा कोसळे, की आतोबांचा चेहराही त्याच्याबरोबर खाली येई. मोटरी कण्हत, पाणी करंगळीएवढं येई, आणि गावाचा ट्रान्सफॉर्मर तापून गुरगुरे. शेजारच्या गावचा तसाच गुरगुरत जळाला होता. नवा येईपर्यंत तिथल्या लिंबाच्या बागा उभ्या वाळून गेल्या होत्या. "आपलाही जाणार," आतोबा म्हणत आणि जेवता जेवता उठून ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन उभे राहत, जणू तापलेल्या पोराच्या उशाशी.

एके दिवशी आंघोळ अर्धवट टाकून ते ओल्या अंगानं बाहेर आले. "सुचलं!" त्यांनी चावडीपुढे माणसं गोळा केली आणि योजना सांगितली. आतोबांचं घर उंचवट्यावर होतं, त्याचं छप्पर साऱ्या शिवारातून दिसे. छपरावर आतोबांचं पांढरं धोतर फडकलं की वरच्या अंगाच्या विहिरींनी मोटरी बंद करायच्या आणि खालच्यांनी चालवायच्या. धोतर उतरलं की उलट. "पाणी तेवढंच मिळेल, पण मोटरीला जोर येईल!" लोक हसले. कुणीतरी विचारलं, "अन् सायेब, तवर तुमी काय नेसनार?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर वर गेलं आणि आम्ही दोघं काट्यासमोर श्वास रोखून बसलो. काटा हलला. "सोपान थांबला!" आणखी हलला. "गेनबा! अरे, गेनबासुद्धा!" एखाद्याचं पोर मॅट्रिक पास व्हावं तसे ते ओरडले.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी वरच्या अंगाची एक म्हातारी तणतणत आली. "सायेब, सकाळधरनं आमचं पानी का बंद हाय?" धोतर तर खाली होतं. आतोबा धावत बाहेर आले. छपरावर आत्यानं पांढरी चादर वाळत घातली होती. आत्या शरमली. आतोबा मात्र आनंदानं वेडे झाले. "म्हणजे लोक बघतात! नुसती चादर बघून थांबले गं!" त्या दिवशी त्यांनी म्हातारीला आग्रह करकरून शिरा खाऊ घातला.

तरीही काटा पुरता वर येईना. वरच्या अंगाच्या तात्यांची मोटर गावात सगळ्यात मोठी, आणि ती थांबत नव्हती. आतोबांनी मला सोबत घेतलं आणि त्यांच्या बांधावर गेले. तात्या म्हणाले, "मी थांबलो तर शेजारचा माजं पानी वढून न्हेईल. बाग माजी जळंल, तुमचा काटा न्हाई." आतोबा वाद घालतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "खरं आहे. उद्या सकाळी चहाला या. मोटर चालू ठेवूनच या."

तात्या आले. धोतर वर गेलं. आतोबांनी त्यांना काट्यासमोर बसवलं. "हा सोपान थांबला बघा. आणि आता हा तुमचा शेजारी." तात्यांनी बशी खाली ठेवली. "शेजारी? त्यो थांबतोय?"

"रोज थांबतो. तुमची मोटर ऐकत बसतो आणि तरी थांबतो."

तात्या काट्याजवळ सरकले. "अन् अजून खाली वढतंय, ते कोन?"

आतोबांनी बशी उचलून त्यांच्या हातात दिली. चहा तसाच टाकून तात्या उठले आणि विहिरीकडे निघून गेले. आम्ही बसून राहिलो. आत्यासुद्धा पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. आणि मग काटा असा उसळला, की आतोबांनी मला मिठीच मारली. खालच्या अंगाला पाण्याची धार मनगटाएवढी झाली. ट्रान्सफॉर्मर तो उन्हाळा तरला, आणि बागाही.

पाऊस झाला आणि आतोबांची बदली राहुरीला झाली, बढतीवर. तिथं मोठं ऑफिस, मोठे काटे, हाताखाली माणसं. पण कुठला काटा कुणामुळे हलला हे कळायला मार्ग नव्हता. ते अबोल झाले. हात वर करून कुणाला थांबवेनात. शेवटी आत्यानंच त्यांना रजा टाकायला लावून श्रीगोंद्याच्या एसटीत बसवलं. मी राहुरीला गेलो होतो, त्याच संध्याकाळी ते परतले. पायांवर धूळ होती, शर्टाला चिखल. तात्यांच्या शेजाऱ्यानं नवी मोटर घेतलीय, गेनबाला मुलगी झाली, असं काहीबाही सांगत ते ओट्यावर बसले.

"पान वाढू का?" आत्यानं विचारलं.

"जरा थांब," आतोबा म्हणाले. "अजून मी विहिरीवरनं परत आलो नाही."