सामंतसाहेबांनी न केलेली सही

अंधेरीच्या आमच्या महाविद्यालयात मी कनिष्ठ कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा मुख्य लिपिक श्री. विष्णुपंत सामंत यांनी माझा अर्ज पाहून एवढेच म्हटले, "अक्षर बरां आसा तुझां. येळेवर येत जा." साहेबांच्या षष्ट्यब्दीनिमित्त त्यांच्या शिस्तीविषयी पुष्कळजण लिहितील. मला एका दुपारविषयी लिहायचे आहे. त्या दुपारी चूक माझी होती.

मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखाव्यात, असे मुंबई सरकारचे परिपत्रक आले होते. उपप्राचार्यांनी मला तोंडी बजावले, "जातीचा दाखला नसलेले अर्ज बाजूला ठेवा. कुणाला कळवू नका. कुणी दाखला आणलाच, तर नंतर या म्हणा." मी तसेच केले.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी 'पात्र अर्जदार आले नाहीत' असा अहवाल सहीसाठी साहेबांपुढे आला. त्यांनी आधी अर्ज मागितले. मी बांधून ठेवलेले चारही अर्ज पुढे ठेवले.

"यांना कळवलंस?"

"नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिले. बारा वाजले होते, मुदत पाचपर्यंत. त्यांनी शिपायांना पत्ते वाटून दिले आणि एक अर्ज माझ्या हातात ठेवला. "हिच्याकडे तू जा."

घाटकोपरच्या त्या चाळीत यशोदा गायकवाड यांनीच दार उघडले. मला पाहताच म्हणाल्या, "दाखला परवाच आणला होता ना मी. तुम्हीच खिडकीवर म्हणालात, नंतर या." दाखला घ्या आणि आत्ताच चला, एवढेच मी म्हणालो.

पाचाला दहा मिनिटे कमी असताना आम्ही कचेरीत पोहोचलो. इतर तिघे अर्जदार दाखले घेऊन आधीच आले होते. साहेबांच्या टेबलापाशी उपप्राचार्य उभे होते. "सामंत, सही करा. नोकरीचा विचार करा."

"केला, सर. अर्जदार समोर उभे आहेत. नाहीत असं कसं लिहू?"

"हे अर्ज बांधून कुणी ठेवले होते?"

हुकूम त्यांचाच होता, पण तोंडी; गठ्ठा बांधणारा मी होतो. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"कचेरी माझी आहे. जबाब मी देईन."

प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेले. चौघांनाही प्रवेश मिळाला. साहेबांची बढती मात्र अडली आणि पुढची दोन वर्षे त्यांनी भांडारात काढली. त्याबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. यशोदाबाई आज आमच्याच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात.

हे वाचून साहेब रागावतील, "सांगूची काय गरज होती?" म्हणतील. त्यांनी निरोगी शंभरी गाठावी आणि माझ्यावर असेच हक्काने रागवावे, एवढीच प्रार्थना.