पहिला मुक्काम लाहोर

माझे बाबा जबलपूरच्या एका लष्करी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर ते यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढत आणि संध्याकाळी घरी येऊन चहा झाला की परदेशच्या प्रवासाची आखणी करत. प्रवास आम्ही तिघांनी करायचा होता, बाबा, आई आणि मी. जबलपूरहून अमृतसर, हद्द ओलांडून लाहोर, मग पेशावर, काबूल, इस्फहान, इस्तंबूल, अथेन्स आणि शेवटी रोम. रेल्वेनं, बसनं, जिथं जे मिळेल त्यानं. विमानाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. विमानातून गेलं की मधला देश कळत नाही, असं ते म्हणत.

ते स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. त्यांचं लहानपण शहपुऱ्याला गेलं. तिथल्या शाळेच्या कपाटात जगाच्या इतिहासाचं एक पुठ्ठा निघालेलं पुस्तक होतं, ते त्यांनी इतक्या वेळा वाचलं होतं की जुन्या राजधान्यांची नावं त्यांच्या तोंडी गावच्या आळ्यांसारखी येत.

ऑफिसात चित्रं उतरवून घ्यायच्या खळीच्या कापडाचे, ट्रेसिंग क्लॉथचे, उरलेले तुकडे टाकून देत. पुष्कळ लोक ते घरी न्यायचे. गरम पाण्यात उकळलं की खळ निघून जाई आणि मऊ, पांढरं कापड हाती येई. आमच्या घरातले सगळे रुमाल त्याचेच होते. एक मोठा तुकडा मात्र बाबांनी आईला उकळू दिला नाही. माझ्या शाळेच्या ॲटलासवर बारीक चौकोन आखून त्यांनी त्या कापडावर मोठा नकाशा उतरवला. डोंगर तपकिरी, नद्या निळ्या आणि आमचा रस्ता लाल. प्रत्येक मुक्कामावर एक छोटं वर्तुळ आणि शेजारी त्यांच्या सुरेख अक्षरात किती दिवस राहायचं ते.

शहरं आम्ही वाटून घेतली होती. मी इस्फहान घेतलं, नुसत्या नावासाठी. त्या शहराबद्दल जिथं जे सापडेल ते वहीत उतरवून घ्यायचं माझं काम होतं. बाबांचं इस्तंबूल. आईनं रोम मागितलं. बाबांनी विचारलं, "रोम काहून?"

"शेवटचं गाव आहे म्हणून," आई म्हणाली. "तिथून घरीच यायचं असते."

बाबा बाहेर पत्रंही लिहीत. रद्दीत मिळालेल्या फाळणीआधीच्या एका रेल्वे गाइडमधून त्यांनी लाहोरच्या स्टेशनाजवळच्या एका लॉजचा पत्ता काढला आणि तीन माणसांना खोली मिळेल का, असं इंग्रजीत विचारलं. मला वाटलं होतं, ते लॉज आता असणारच नाही. पण दोन महिन्यांनी उत्तर आलं. टाइप केलेल्या चार ओळी आणि खाली हातानं लिहिलेली उर्दूतली एक ओळ. ती बाबांनी कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडून वाचून घेतली. लिहिलं होतं, कुटुंब घेऊन येताय तर गाडी कळवा, स्टेशनवर माणूस पाठवू. बाबांनी त्यांना आभाराचं पत्र पाठवलं. त्यांचं पुन्हा उत्तर आलं. अशी तीन पत्रं आली, ती नकाशात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेली असत.

मी तेरा वर्षांची झाले त्या वर्षी आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली. तिचे वडील फौजेत मेजर होते आणि ते लोक सदरला, छावणीच्या भागात राहत. ती लहानपणी वडिलांबरोबर परदेशात राहून आली होती आणि त्याबद्दल फारसं बोलतही नसे, त्यामुळे ते आणखीच मोठं वाटे. तिच्या शेजारी बसायला सगळ्या धडपडायच्या. माझ्याकडे तिला देण्यासारखं काही नव्हतं. एक दिवस मी तिला सांगितलं की येत्या उन्हाळ्यात आम्हीही जाणार आहोत, आठ शहरं बघत. उन्हाळ्याचं मी मनानंच ठरवलं. बाबा फक्त "तू मॅट्रिक झालीस की" एवढंच म्हणत.

तिचा विश्वास बसला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी ट्रंकेतून नकाशा काढला, दप्तरात घातला आणि शाळेत नेला. मधल्या सुट्टीत तो बाकावर पसरला तेव्हा पंधरा-वीस मुली भोवती उभ्या होत्या. मी बोट फिरवत एकेक गाव सांगत गेले. लाहोरच्या पत्रांचंही सांगितलं, स्टेशनवर माणूस येणार आहे म्हणून. मेजरांच्या मुलीनं नकाशा नीट बघितला आणि म्हणाली, "कितना सुंदर बनाया है." त्या दिवसापासून ती मला आपल्या शेजारी बसवू लागली.

पासष्टच्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. बाबांची ड्यूटी बारा तासांची झाली. आम्ही खिडक्यांना काळे कागद लावले. कॉलनीत रोज नवीन बातमी येई. कुठे हवाई छत्रीनं माणसं उतरली, कुठे साधूच्या वेशात हेर पकडला. खरं किती होतं कोण जाणे, पण अनोळखी माणूस दिसला की आम्ही पोरं त्याच्या मागे मागे जायचो. लाहोर हा शब्द रेडिओवर दिवसातून दहा वेळा यायचा. प्रत्येक वेळी ट्रंक उघडून नकाशा काढावा आणि आईला उकळायला द्यावा असं मला वाटे. पण बाबांना ते सांगणार कसं? तो मी शाळेत नेला होता हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस वर्गात बाई यायच्या आधी युद्धाच्या गप्पा चालल्या होत्या. मागच्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे बघून हसत म्हणाली, "तुम लोग तो लाहौर जा रहे थे ना? तुम्हारा तो वहाँ आदमी भी है."

मेजरांच्या मुलीनं माझ्याकडे वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती फक्त वाट बघत होती. मला एवढंच कळलं की आता मी जे बोलेन त्यावर माझी तिच्या शेजारची जागा ठरणार आहे.

मी म्हणाले, "मैं क्यों जाऊँगी? चिट्ठियाँ तो पापा को आती हैं वहाँ से."

घरी आम्ही बाबा म्हणतो. शाळेत मी पापा म्हणत असे.

दोन दिवसांनी दुपारी घरासमोर जीप थांबली. शाळेला सुट्टी होती, मी आईबरोबर तांदूळ निवडत बसले होते. जीपमधून आधी बाबा उतरले, कारखान्याच्या कपड्यांत, आणि त्यांच्यामागे सुरक्षा विभागाचे एक अधिकारी आणि दोन शिपाई. शेजारच्या ओसऱ्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या. अधिकारी शांत स्वभावाचे होते. आईला नमस्कार करून म्हणाले, "माफ कीजिए बहनजी, दो मिनट का काम है." तासभर लागला.

ट्रंक बाबांनीच उघडून दिली. नकाशा घरातल्या लाकडी चौकीवर पसरला गेला. अधिकाऱ्यांनी तो बराच वेळ बघितला. मग कापडाला हात लावून विचारलं, "ये कपड़ा कहाँ का है?"

बाबा म्हणाले, "ऑफिस का है, साहब. कतरन है. मुझे नहीं लाना चाहिए था."

मग पत्रं निघाली. पत्रांखाली पासपोर्टाचा एक अर्ज होता, तो मी कधी पाहिला नव्हता. तिघांचीही माहिती त्यात भरलेली होती. तारखेची जागा कोरी होती आणि कागद पिवळा पडला होता.

"जाने वाले थे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बाबांनी आईकडे बघितलं, मग जमिनीकडे. "नहीं साहब," ते म्हणाले. "जाना-वाना कुछ नहीं था. हमारे बस का कहाँ है. शौक है, बस."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मीही तिथंच होते, माझ्या हातात सूप होतं. मला बाबांची लाज वाटली. आधी ती वाटली, हे मी आज लपवत नाही. ज्या प्रवासाच्या जोरावर मी इतके दिवस मान वर करून फिरले तो प्रवासच नव्हता, आणि हे त्यांनी परक्या माणसासमोर मान खाली घालून सांगितलं. आपण काय केलंय हे माझ्या डोक्यात नंतर आलं, जीप बाबांना घेऊन परत गेली आणि आईनं मला विचारलं, "या लोकांना कोणी सांगितलं असेल गं?"

मी म्हणाले, "मला काय माहीत?"

बाबा संध्याकाळी परत आले. त्यांना अटक झाली नाही, काही झालं नाही. चौकशीत वावगं निघालं नाही, पण कापड घरी आणल्याबद्दल लेखी समज मिळाली आणि ड्रॉइंग ऑफिसातून त्यांची बदली स्टोअरला झाली. लढाई बावीस-तेवीस दिवसांत थांबली. बाबा मात्र निवृत्त होईपर्यंत स्टोअरमध्येच राहिले, लोकांना कानशी, ग्रीस आणि हातमोजे देत. पेन्सिली त्यांनी मला देऊन टाकल्या. जप्त केलेले कागद काही महिन्यांनी एका लिफाफ्यातून परत आले, नकाशा सोडून. बाबांनी लिफाफा उघडला नाही. आईनं तो कुठे ठेवला मला माहीत नाही.

जीप आली त्या रात्री जेवताना आईनं त्यांना एकच विचारलं होतं. "खरंच नव्हतं जायचं?"

"आता काय सांगू तुला," बाबा म्हणाले. मग ताट पुढे करून म्हणाले, "वाढ थोडा भात."

पुढचं सांगायला मला जास्त जड जातं. मेजरांच्या मुलीशी माझी मैत्री तुटली नाही. उलट वाढली. दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला सदरला घरी बोलावलं. मी माझा चांगला फ्रॉक घालून गेले. तिच्या आईनं बेकरीतला केक कापून दिला आणि प्रेमानं विचारलं, "पापा क्या करते हैं, बेटा?" मी सांगितलं, स्टोअरमध्ये ऑफिसर आहेत. केकचा दुसरा तुकडाही मी घेतला. जीप आमच्या दारात कशी आली हे मला तोवर कळलं होतं. माझं वाक्य त्या मुलीनं घरी सांगितलं असणार आणि तिच्या वडिलांनी आपलं कर्तव्य केलं असणार. यात तिचा काही दोष होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी तिच्याकडे बघून हसत होते आणि केक खात होते.

मी शिक्षिका झाले. लग्न होऊन नागपूरला गेले. बाबा निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात मी मुलांना घेऊन माहेरी आले होते. दुपारी बाबा ओसरीवर खाटेवर पडले होते. मी शेजारी वेताच्या मोड्यावर बसले होते, आणि काही ठरवलेलं नसताना बोलून गेले की त्या वेळी तुमचा नकाशा मी शाळेत नेला होता.

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

"जीपमध्येच सांगितलं त्या साहेबानं. म्हणाला, बच्ची ने स्कूल में कहा है."

म्हणजे ट्रंक उघडताना, कापडाचा दोष आपल्यावर घेताना, अर्जावर प्रश्न आला तेव्हा, त्यांना माहीत होतं. मी सूप घेऊन उभी होते तेव्हा माहीत होतं. त्यानंतर वीस वर्षं ते मला स्टेशनवर घ्यायला येत, सोडायला येत, माझ्या मुलांना खांद्यावर घेत.

"मग तुम्ही मला रागावले काहून नाही?" मी विचारलं.

"तेरा वर्षांची होतीस." ते उठून बसले. "मला फक्त एक विचारायचं होतं, पण विचारणं झालं नाही. तू नेमकं काय म्हणालीस? त्यानं सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नव्हतं, गाडीचा आवाज होता."

मी ते वाक्य होतं तसं, हिंदीत म्हणून दाखवलं. पापा हा शब्दही गाळला नाही. बाबांनी ते ऐकलं आणि मान हलवली.

"खोटं तर नव्हतं," ते म्हणाले.

त्यांनी मला माफ केलं असं कोणी म्हणेल. मला तसं वाटलं नाही. माझ्या मनात फार वर्षं होतं की त्यांना कळेल, ते चिडतील, मी रडेन आणि संपेल. त्यांनी ते माझ्याआधीच, जीपमध्ये बसल्या बसल्या, एकट्यानं संपवून टाकलं होतं. माझ्यासाठी काही उरवलं नव्हतं. मी तिथं बसून राहिले. मुलं अंगणात खेळत होती. बाबांनी विचारलं, "गाडी परवाची की तेरवाची?" मी सांगितलं, परवाची.

माझ्या मुलांना ही गोष्ट माहीत आहे. आजोबांनी सुंदर नकाशा काढला होता, लढाईत लोकांना संशय आला, नकाशा गेला, अशी. ती मीच त्यांना सांगितली आहे, आणि बाबा समोर असतानाही सांगितली आहे. शाळेतला भाग मी त्यात कधी घातला नाही, आणि बाबांनी एकदाही मला मध्ये थांबवलं नाही.