सुकेळी देऊन आणलेला खेळाडू

फायनल सुरू व्हायला पाव तास राहिला असताना स्पर्धेच्या कमिटीच्या माणसाने समोर उभं राहून विचारलं, "या खेळाडूच्या घरी तुम्ही काही भेट दिली होती का?" अशा वेळी "नाही" म्हणायची अक्कल देवाने जगातल्या प्रत्येक माणसाला दिलेली आहे. एकट्या माझ्या सुनेच्या मामांना द्यायची राहिली. मामा म्हणाले, "म्हणजे काय! दिली ना. रिकाम्या हातांनी जातात का कुणाच्या घरी?"

कमिटीतले तिघे एकमेकांकडे बघायला लागले. मामांना प्रश्न नीट कळला नसावा असं वाटून त्यांनी तो परत विचारला. मामांना वाटलं, यांना सुकेळी कळली नसावी. मग त्यांनी हिंदी, इंग्रजी आणि अरबी मिसळून सुकेळी समजावली. आमच्या वसईची केळी, सोलून उन्हात वाळवायची, मऊ आणि काळपट झाली की पानात गुंडाळून बांधायची. "खजूर असतो ना, त्याचा मोठा भाऊ समजा," असं सांगून ते हसले. समोरचं कुणी हसलं नाही. मी बाकाच्या टोकाला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो सालिम माझ्या शेजारी बुटाच्या नाड्या बांधत होता. एका बुटाची बांधून झाली. दुसऱ्याची त्याने तशीच सोडली.

मामा मस्कतच्या एका खाजगी कॉलेजात बास्केटबॉलचे कोच. लग्न केलं नाही. लग्नाच्या बोलण्यांची सगळी हौस त्यांनी खेळाडूंवर भागवून घेतली. दुसऱ्या कॉलेजातला एखादा पोरगा त्यांच्या टीममध्ये यायचा म्हटलं की मामा इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून त्याच्या घरी 'बघायला' जायचे. उंची, वजन, बॉल कसा टाकतो, यातलं काही विचारायचे नाहीत. पोराच्या आईला विचारायचे, "सकाळी आपला आपण उठतो की उठवावा लागतो? ताटात टाकतो का? रुसला तर किती वेळ रुसतो?" एका पुण्याच्या बाईंनी त्यांना चहा देता देता विचारलं, "मुलगी काय करते तुमची?" मामा म्हणाले, "मला मुलगी नाही, पण तुमचा मुलगा आवडला." त्या घरात त्यांना दुसरा चहा मिळाला नाही.

घेताना जशी बोलणी, तशी देताना पाठवणी. त्यांच्या टीममधला पोरगा दुसऱ्या कॉलेजात निघाला की इतर कोच तोंड फिरवतात. मामा त्याच्या हातात नारळ आणि नवे मोजे ठेवायचे आणि नव्या कोचला फोन करून सगळं सांगायचे. डावा गुडघा जपा, भेंडी खात नाही, सगळ्यांसमोर ओरडलात तर दोन दिवस बॉल नीट टाकणार नाही. माझा मुलगा सिरिल म्हणायचा, "अहो मामा, उद्या ती टीम तुमच्यासमोर खेळणार. त्यांना कशाला सांगता हे?" तर म्हणायचे, "मग? तिथे जाऊन उपाशी राहू दे का पोराला?"

उंच माणूस दिसला की मामांना दुसरं काही दिसत नसे. अल मवालेहच्या भाजी बाजारात मी टोमॅटो निवडायची आणि हे सगळ्यात वरची पेटी कोण हात उंचावून काढतो ते बघत उभे. एकदा आमच्या गावचे एक गृहस्थ इथे वारले. प्रार्थनेला आम्ही सगळे गेलो. शवपेटी उचलणाऱ्यांत एक लांबलचक पुतण्या होता. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "विहीणबाई, खांदा बघा. पेटी त्याच्या बाजूने वर चाललीय." मी म्हटलं, "मामा, आत माणूस आहे." तर म्हणाले, "हो हो, देव शांती देवो. कुठल्या कॉलेजात आहे हो तो?"

आणि नियम! कोण खेळू शकतो आणि कोण नाही, याचे नियम मामांना प्रार्थनेसारखे पाठ. हजेरी किती हवी, किती विषय सुटले तर चालतं, कॉलेज बदललं तर एक अख्खा सीझन बाहेर बसावं लागतं, हे सगळं आमच्या अल अमेरातच्या घरी पापलेट साफ करता करता ते मला ऐकवायचे. नापास पोरगा खेळू शकत नाही म्हणून परीक्षा जवळ आली की शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून सगळी टीम आमच्या हॉलमध्ये आणून बसवायचे आणि लक्ष ठेवायला मला समोर खुर्ची टाकून द्यायचे. मी चौथी पास. ती पोरं काय वाचतात त्यातलं मला काडीचं कळत नव्हतं, पण वाचत नाहीत ते बरोबर कळायचं. हातात आमटीचा डाव घेऊन बसायची. मोबाइल बाहेर आला की डाव टेबलावर आपटायची. ओमानी, मल्याळी, गुजराती, सगळे दचकून एकदम खाली बघायचे. माझी सून प्रीती म्हणायची, "आई, ही इंजिनिअरिंगची मुलं आहेत." मी म्हटलं, "असू देत. मान सगळ्यांची सारखीच खाली जाते."

बाकीच्या कॉलेजांनी मामांच्या टीमला धर्मशाळा नाव ठेवलं होतं. कुठे जमलं नाही, कोचशी भांडण झालं, कुणी बाकावरून उठवलंच नाही, असे सगळे शेवटी मामांकडे यायचे. मामांना त्या नावाचा राग नव्हता. "धर्मशाळेत जेवण बरं असेल तरच लोक येतात," म्हणायचे. पण येणाऱ्यांतले काही पुढे चांगले खेळायला लागले आणि मग धर्मशाळा म्हणणारेच मामांना खेळाडू पळवणारा म्हणायला लागले. कॉलेजच्या मुख्य साहेबांकडे दोनदा तक्रार गेली. साहेबांनी सरळ सांगितलं, "अजून एक तक्रार आली तर टीम खलास." टीम गेली की मामांची नोकरी गेली आणि नोकरी गेली की व्हिसा गेला. इथे माणूस जमिनीवर उभा नसतो, व्हिसावर उभा असतो. वसईला परत जावं तर तिथे मामांचं राहिलं होतं काय? एक विहीर आणि तिच्यावरून कोर्टात गेलेले भाऊबंद.

सालिम सोहारच्या कॉलेजात होता. त्याची आई शाळेत शिकवते. तिची बदली मस्कतला ठरली, तेव्हा पोरगाही इकडे येणार हे कळून मामा सोहारला गेले. माझ्या बहिणीने वसईहून पाठवलेली सुकेळी मीच त्यांच्या पिशवीत घातली होती. बघायला चाललेत म्हटल्यावर हातात काहीतरी हवंच, मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. आईने मामांना कहावा, म्हणजे त्यांची वेलचीची कॉफी, पाजला, खजूर खाऊ घातला आणि निघताना नको नको म्हणत असताना हलव्याचा डबा हातात कोंबला. तीही रिकाम्या हातांनी जाऊ देणाऱ्यांतली नव्हती. पुढे सालिम मस्कतला आला. मामांनी त्याला नियमाप्रमाणे अख्खा सीझन बाहेर बसवला, एक मिनिट खेळवला नाही. पोराने वर्षभर मुकाट्याने बाटल्या भरल्या. यंदा तो उतरला आणि टीम धावतच फायनलला पोचली. समोर कोण, तर सोहारचंच कॉलेज.

तक्रार त्यांच्या मॅनेजरने केली होती. जुन्या कॉलेजने सोडायच्या आधी नव्या कॉलेजच्या माणसाने खेळाडूला किंवा त्याच्या घरी काहीही द्यायचं नाही, असा एक नियम होता. तो मामांना पाठ नव्हता असं नाही. मला त्यांनी तो कोळंबी सोलताना दोनदा सांगितला होता. पण त्या नियमातलं 'काहीही' म्हणजे बूट, मोबाइल, पैसे. सुकेळी त्यात मोडते हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. "अहो साहेब, ती भेट नव्हती," ते कमिटीला सांगत होते, "ती रीत होती."

कमिटीचा मुख्य माणूस ओमानी, पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला, वयस्कर. त्याला मामा खोटं बोलत नाहीत हे दिसत होतं. पण लिहिलेलं ते लिहिलेलं. तो मान हलवत म्हणाला, "मुलाने फळ खाल्लं?"

सालिम उभा राहिला. "खाल्लं," म्हणाला. "चांगलं होतं."

मी कपाळाला हात लावला. मामांच्या हाताखाली वर्षभर राहिल्यावर दुसरं काय होणार?

तेवढ्यात पलीकडून सोहारचा कोच आला. इजिप्तचा माणूस, दरवाजाएवढा, आवाज त्याहून मोठा. मॅनेजर त्याला बाहीला धरून मागे ओढत होता. त्याने बाही सोडवली आणि कमिटीसमोर येऊन म्हणाला, "हा माणूस त्यांच्या घरी जायच्या आधी माझ्या घरी आला होता. माझी परवानगी मागायला. अशी परवानगी मला माझ्या जावयाने मागितली नाही! आणि त्या फळाचं पुडकं मलाही दिलं. मीही खाल्लं. मुलगा बाहेर बसणार असेल तर मीही बाहेर बसतो."

"हबीबी, तुम्ही कोच आहात," कमिटीवाला म्हणाला. "तुमच्यासाठी तसा नियम नाही."

"मग तो असायला हवा," असं म्हणून तो आमच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. बाक माझ्या बाजूने वर उचलला गेला. मॅनेजर डोकं धरून उभा. सगळा हॉल हसायला लागला. कमिटीच्या म्हाताऱ्यालाही हसू आवरेना, पण त्याने निर्णय बदलला नाही. सालिम खेळणार नाही, सामना होणार. मामांनी एका शब्दाने वाद घातला नाही. सालिमच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बस. नियम आहे. यल्ला, बाकीचे उठा."

मग जो सामना झाला तसा मी परत पाहिला नाही. सालिमच्या जागी एक बुटका मल्याळी पोरगा उतरला, जो एरवी टॉवेल सांभाळायचा. इजिप्तवाला आमच्या बाकावर बसून स्वतःच्या टीमला सूचना ओरडत होता, आणि आमचा पोरगा चुकला की राहवत नसल्यामुळे त्यालाही ओरडून सांगत होता. मामा त्याला म्हणायचे, "अहो, तो माझा आहे." तो म्हणायचा, "मग नीट शिकवा!" सालिम दोघांच्या मध्ये बसून दोन्हीकडच्या पोरांची नावं घेऊन ओरडत होता. मीही ओरडले. नियम मला तोपर्यंत सगळे कळत होते. आम्ही एका बास्केटने हरलो. शेवटी कोण कुणाला मिठी मारतंय ते ओळखू येईना.

कमिटीने लिहून दिलं की नियम मोडला पण फसवणूक नव्हती. साहेबांनी ते वाचलं की नाही देव जाणे. तक्रार ती तक्रार. कॉलेजचं वर्ष संपताच टीम खलास केली आणि बास्केटबॉलच्या कोर्टावर गाड्या लावायला पांढऱ्या रेघा मारल्या. मामा आमच्याकडे येऊन बसायचे, पापलेट साफ करायचे, पण नियम सांगेनासे झाले. मी म्हटलं, "मामा, खवले राहिलेत." एरवी माझ्याशी भांडले असते. मुकाट्याने परत घासायला लागले. तेव्हा मला काळजी वाटली.

मग एका शुक्रवारी दार वाजलं. दारात इजिप्तवाला, इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी. सिरिलने त्याला आत घेतलं. तो मामांकडे बघेना, माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही घरातल्या मोठ्या. तुम्हाला विचारायला आलोय. मला हा माणूस माझ्या कॉलेजसाठी द्या. व्हिसाचं मी बोललोय."

मी लगेच हो म्हणाले नाही. अशी कशी म्हणेन? मी त्याला बसवलं आणि प्रीतीला भाषांतराला मध्ये घालून एकेक विचारलं. राहायला कुठे देणार? मासे ताजे मिळतात का? "सोहारला बंदर आहे," तो म्हणाला, "मासा तुमच्याआधी मी खातो." मी त्याला बजावलं, "हा पहाटे उठून शिट्टी वाजवतो, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. रुसला तर जेवणापर्यंत रुसतो, पुढे नाही." मामा कोपऱ्यात नव्या नवरीसारखे मान खाली घालून बसले होते. मध्येच म्हणाले, "विहीणबाई, कमिटीला विचारायला हवं. कोचने कॉलेज बदललं तर त्याला एक सीझन बसावं लागतं का?" इजिप्तवाला इतका हसला की सिरिलच्या खुर्चीचा पाय मोडला.

मामांना सोहारला जाऊन आता काही वर्षं झाली. गाडीत बसताना प्रीती रडली, मामा रडले. मला रडू येत नाही, कधीच येत नव्हतं. फोन करतात, बंदरावरच्या मुकादमाच्या उंच मुलाबद्दल सांगतात. सालिमही आईला मागे ठेवून परत सोहारलाच गेला, मामांमागे. बाकीची पोरं शिकून कुणी दुबईला, कुणी केरळला लागली. तो टॉवेलवाला मल्याळी पोरगा कॅनडात आहे म्हणतात. फायनलच्या संध्याकाळी त्या बाकावर जे जे बसले होते, त्यांतलं मस्कतमध्ये आता कुणी नाही. मी आहे.