आजोबांच्या नावाने बिअर

आमच्या कुटुंबात बिअर पिणारा माणूस एकच, आणि दुर्दैवाने तो जावई आहे.

लग्नानंतर निखिलराव पहिल्यांदा कोलकात्याजवळ बराकपूरला आमच्याकडे आले, तेव्हा मी (मोठ्या मनाने!) बिअर आणली आणि घरातल्या स्टीलच्या पेल्यात ओतून दिली. त्यांनी पेला फिरवला, काहीतरी वाचलं आणि त्यांना जोरदार ठसका लागला. पेल्यावर कोरलेलं होतं, 'कै. गजानन महादेव दामले यांच्या स्मरणार्थ'. हे माझे वडील. चहालासुद्धा व्यसन म्हणायचे!

"बाबा! आजोबांच्या वर्षश्राद्धाला वाटलेले पेले?" आमची मुग्धा किंचाळली. "आता सासरी कळणार!"

कळलंच. विहीणबाई फोनवर दहा मिनिटं हसत होत्या. (मी घड्याळ पाहिलं.)

दिवाळसणाला जावई पुन्हा येणार म्हटल्यावर मी निश्चय केला. गेलेली अब्रू परत आणायची! निखिलरावांची आवडती बिअर गव्हाची. तिला उंच, कमरेत बारीक ग्लास लागतो. अर्धा लिटर बिअर, वर फेसाला जागा. माप चुकायला नको म्हणून तोच स्टीलचा पेला पिशवीत टाकला. दोन पेले म्हणजे बरोबर अर्धा लिटर.

"अहो, दुकानात पाणी मोजत बसणार तुम्ही?" बायकोने विचारलं.

"अर्थात!"

"मग मी येत नाही."

सियालदहच्या घाऊक बाजारात पहिल्याने लस्सीचे ग्लास दाखवले, दुसऱ्याने आइस्क्रीमचे. तिसऱ्याने तर फुलदाणीच पुढे केली. "ले जाओ दादा, बियर भी आएगा, फूल भी आएगा!" मी हटलो नाही. शेवटी एका दुकानात हवे तसे ग्लास मिळाले आणि मी पेल्याने पाणी ओतायला सुरुवात केली.

"क्या करता है, दादा! दुकान में बाढ़ लाएगा?"

सहाही ग्लास मापाला उतरले. मला लवकर घालवायच्या इच्छेने दुकानदार म्हणाला, "नाम लिखवाना है? फ्री में कर देगा."

नाव नसलेलं भांडं मराठी घरात ठेवायचं कसं? इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की परत येत नाही! पण कारागिराला देवनागरी येईना. मी पेला त्याच्या हातात दिला. "इसपर जैसा है, वैसा ही. एक मात्रा इधर-उधर नहीं!" माझ्या डोक्यात फक्त 'दामले' होतं. तो कोरत होता तेव्हा मी, दुकानदाराच्या हुकमावरून, ओला गल्ला पुसत होतो. ग्लास कागदात गुंडाळूनच मिळाले, आणि खोकं मी जावयाच्या हस्तेच उघडायचं ठरवलं.

पाडव्याच्या संध्याकाळी निखिलरावांनी एक ग्लास काढला, तिरका धरून बिअर ओतली. फेस काय सुरेख चढला! मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग त्यांनी ग्लास फिरवला.

ठसका!

सहाच्या सहा ग्लासांवर, सुबक अक्षरांत, 'कै. गजानन महादेव दामले यांच्या स्मरणार्थ'.

"बाबा!!" मुग्धा.

"शुद्धलेखन तरी बघ," मी क्षीणपणे म्हणालो. "एक मात्रा चुकलेली नाही."

"अहो, थेंबन् थेंब मोजलात," बायको म्हणाली, "एक ग्लास वाचला असतात तर?"

निखिलराव डोळे पुसत होते. "असू दे, आई. आता आजोबांशिवाय मला घोट उतरायचा नाही."

थोड्या वेळाने विहीणबाईंचा फोन आला. या वेळी मी घड्याळ पाहिलं नाही.