गुडघे सरळ करताना

माझ्या सासूबाईंच्या पायाला भिंगरी आहे. चहा त्या उभ्यानं पितात, फोनवर बोलताना पुसलेला ओटा पुन्हा पुसतात, आणि बसा म्हटलं की 'बसतेच आहे' म्हणत आणखी एक खोली झाडून येतात. त्या शांत उभ्या राहतात अशी जगात एकच जागा आहे, असं त्यांच्याबरोबरच्या नर्स सांगायच्या. ती म्हणजे बाळांची लांबी मोजायची पाटी.

सासूबाई प्रसूतीच्या दवाखान्यात नर्स आहेत. चार वर्षांपूर्वी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास सुरू केला. मूल जन्मलं की नाळेतलं थोडं रक्त घ्यायचं आणि त्यात लेप्टिन किती आहे ते बघायचं. हे हार्मोन अंगातल्या चरबीतूनच तयार होतं आणि चरबीचा साठा किती आहे याची खबर मेंदूला देतं. मग वजन आणि लांबी एकदा जन्मताच घ्यायची, एकदा सहा आठवड्यांनी. अंगावर चरबी नसलेली, कमी लेप्टिनची मुलं पुढं भराभर वाढतात का, हे डॉक्टरीणबाईंना शोधायचं होतं.

पाटीच्या एका टोकाला उभी फळी असते, तिला बाळाचं डोकं टेकवायचं. दुसरी फळी सरकवत तळव्यांना लावायची. त्याआधी गुडघे दाबून पाय सरळ करायचे, आणि मुलं भोकाड पसरतात ती इथंच. सासूबाईंच्या हाताखाली मात्र एकही मूल रडत नसे. यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. हे वाक्य आम्ही घरी आठवड्यातून दोनदा तरी ऐकायचो.

एका शनिवारी त्या घरी आल्या आणि चप्पल न काढताच स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागल्या. मी काही विचारलं नाही. विचारलं की त्या सांगत नाहीत.

"कपडे शिवणारी एक बाई आली होती," शेवटी त्याच म्हणाल्या. "पोरगा सहा आठवड्यांचा. वजन छान वाढलंय. लांबी मात्र दोन सेंटिमीटरसुद्धा वाढलेली नाही. लेप्टिन कमी होतं त्याचं, खरं तर तो सरसर वाढायला हवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसती चरबी चढतेय, हाडं वाढत नाहीत. सोमवारी रक्त काढायचंय. तीन-चार छोट्या बाटल्या भरून."

हे ऐकून त्या शिवणाऱ्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी जाता जाता ती थांबली आणि म्हणाली, "बाई, जन्मला तेव्हा शिवलेलं झबलं गुडघ्यापर्यंत यायचं. आता मांडीवरच राहतं. मी रोज मापं घेते हो."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, आमच्या मापात चूक नसते."

"जन्माचं माप कुणी घेतलं होतं?"

"मी रजेवर होते. नव्या पोरीनं घेतलं. दांडगट आहे. तिच्या हातात पोरं किंचाळतात."

एवढं बोलून त्या धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

रविवारी दुपारी त्यांनी माझ्या पाच महिन्यांच्या मुलाला जेवणाच्या टेबलावर आडवं केलं. डोक्याशी जाड पुस्तक, पायाशी दुसरं. आधी त्यांच्या पद्धतीनं, गोंजारत. चौसष्ट सेंटिमीटर भरले. मग मला म्हणाल्या, "आता तू दाब गुडघे." मी दाबले. पोरानं घर डोक्यावर घेतलं. सहासष्ट. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा सहासष्टच.

सासूबाई कुणी न सांगता खाली बसल्या. लग्न झाल्यापासून मी हे पहिल्यांदाच पाहिलं.

"तुझा नवरा दोन किलोचा जन्मला होता," त्या म्हणाल्या. "पाय काड्यांसारखे. नर्सनं ते ओढले आणि मला वाटलं, मोडले आता. तेव्हापासून माझा हात दाबायला धजतच नाही."

अभ्यासातल्या बाकीच्या मुलांची दोन्ही मापं त्यांच्याच हातची होती. दोन्ही आखूड, त्यामुळे वाढ बरोबर दिसायची आणि कुणाला पत्ता लागत नव्हता. या पोराचं जन्माचं माप मात्र नव्या पोरीनं गुडघे दाबून घेतलं होतं, आणि दुसरं सासूबाईंनी.

"सांगितलं तर चार वर्षं पाण्यात. नऊशे मुलं आहेत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर त्या पोराला सुया."

मला त्यांचा राग आला होता. विचारायची गोष्ट होती का ही? पण त्या मला विचारत नव्हत्याच. संध्याकाळभर त्या घरभर फिरत राहिल्या, आणि मीही मुलाला खांद्यावर घेऊन त्यांच्या मागं फिरले.

सोमवारी त्या तासभर आधीच निघाल्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पोराला पाटीवर ठेवून म्हणाल्या, "दाबा." सासूबाईंनी दाबले. पोरगा लाल होऊन रडला. लांबी भरली त्रेपन्न पूर्णांक चार. जन्माच्या मापापेक्षा जवळजवळ चार सेंटिमीटर जास्त. तपासण्या रद्द झाल्या.

"माझ्याकडं असं माप घेतलं असतं तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढलं नसतं," ती आई म्हणाली, आणि पोराला छातीशी धरून रडली.

ती गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी चार वर्षांच्या वहीतल्या लांबीच्या रकान्यावर पानापानाला रेघ मारली. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. रेघा संपेपर्यंत त्यांना जाऊ दिलं नाही.

"काढून टाकलं का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही. उद्यापासून दोघींनी मोजायचं. गुडघे ती नवी पोरगी दाबणार. मी डोकं धरायचं."

"मग सुटलात की."

त्यांनी हातातला चहाचा कप ओट्यावर ठेवला. "डोकं धरलं की पोराचं तोंड आपल्यासमोर येतं," त्या म्हणाल्या. "रडताना ते माझ्याकडंच बघणार. प्रत्येक पोर."

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला कामावर गेल्या.