कुरडया आणि धुराचा नकाशा

समोरच्या गच्चीवरच्या काकू पांढऱ्या धोतरावर घातलेल्या कुरडया रोज चारच्या आत गोळा करतात. ऊन कडक असलं तरी. एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "चारनंतर काजळी येते रे."

शहराच्या हवेचा अंदाज बांधणं हे माझं काम. कुठे किती गाड्या धावतात, कुठल्या भट्टीत काय जळतं, वारा कुठून वाहतो, हे सगळं संगणकाला सांगायचं. मग तो धुराचा नकाशा काढतो. त्यात आमची गल्ली स्वच्छ दिसत होती. दोष संगणकाचा नव्हता. मागच्या बेकरीत चारला पेटणारी लाकडाची भट्टी मीच मोजायची विसरलो होतो. रोज तिथलाच पाव खाऊन!

भट्टी मोजली आणि चारनंतरची गल्ली नकाशावर काळवंडली. डोळ्यांना न दिसणारी हवासुद्धा अशी मोजता येते. आधी शेजारीपाजारी विचारावं मात्र लागतं.

काल मी छातीठोकपणे सांगितलं, "काकू, उद्या वारा फिरतोय. कुरडया संध्याकाळपर्यंत राहू द्या."

आत्ता सहा वाजलेत. काकूंनी धोतरावर बोट फिरवलं, ते उन्हात धरून निरखलं. काजळीचा कणही नव्हता. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उद्याचं काय ते सकाळीच सांग."